बिग ब्रेक किट घेतोयस? थांब जरा

दर उन्हाळ्यात कोणाचा तरी मेसेज येतोच की दादा, गाडी घेतली, थंडरहिलचा पहिला ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर फिरवायचा दिवस) बुक केला, आता बिग ब्रेक किट, म्हणजे मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर, कुठलं टाकू, लाल घेऊ की पिवळं? रंगाचं सोड, लाल घे, सगळे लालच घेतात. पण दोन-अडीच हजार डॉलर ब्रेकवर घालवायच्या आधी माझं थोडं ऐक. तेवढ्यात तीन-चार ट्रॅक डे आणि वर टायरचा एक बरा सेट निघतो, आणि पहिल्या दिवशी ब्रेकचा जो त्रास तुला होणार आहे तो बहुतेक वेळा फ्लुइड (पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारा द्रव) आणि पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) एवढ्यावरच मिटतो.

माझी गाडी सुबारू बीआरझेड, पहिल्या जनरेशनची. टोयोटा ८६ आणि सायन एफआर-एस ह्या तिच्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० हॉर्सपॉवर, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. पुढे २९४ मिलिमीटरची डिस्क आणि दोन पिस्टनचा स्लायडिंग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा), मागे २९० ची डिस्क आणि एक पिस्टन. रोजच्या रस्त्यावर ह्या ब्रेकना नावं ठेवायला काही जागा नाही. फ्रीवेवर समोरच्याने अचानक ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी उभी राहते, म्हणून माणसाला वाटतं ब्रेक मस्त आहेत, आणि ते खरंच मस्त आहेत, एकदा दाबायला. ट्रॅकवर ते दर दोन मिनिटांनी पाच-सहा वेळा दाबायचे असतात आणि वीस मिनिटं दाबायचे असतात, गंमत तिथे सुरू होते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. गाडी ब्रेकने थांबत नाही, टायरने थांबते. तुझे फॅक्टरीचे ब्रेक आत्ता चाकं लॉक करू शकतात ना, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कुरकुरतो ना? मग मोठा कॅलिपर लावून गाडी एक फूटसुद्धा आधी थांबणार नाही, कारण रस्त्यावरची पकड टायरची आहे, ती संपली की विषय संपला. ब्रेकवर खर्च करायचा तो दहाव्या लॅपला (ट्रॅकच्या फेरीला) पण पहिल्या लॅपसारखंच थांबता यावं म्हणून. म्हणजे हा सगळा धंदा उष्णतेचा आहे, ताकदीचा नाही.

थंडरहिल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला विलोज नावाचं गाव आहे, आजूबाजूला भातशेती आणि बदामाच्या बागा, तिथे १९९३ साली सुरू झालेला ट्रॅक. जुना मोठा भाग तीन मैलांचा आणि १५ वळणांचा. २५ तासांच्या एंड्युरन्स रेसमुळे लोकांना माहीत झाली ती हीच जागा. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, सावली फारशी नाही, विदर्भातल्या माणसाला घरच्यासारखं वाटेल. मागच्या स्ट्रेटवर माझ्यासारख्या साध्या बीआरझेडचा वेग शंभर-एकशेदहा मैलांवर जातो आणि मग चौदा नंबरच्या वळणासाठी ती पन्नासच्या आसपास आणावी लागते.

आता थोडं शाळेतलं फिजिक्स, घाबरू नकोस. गाडी आणि आत बसलेला माणूस मिळून १,३३० किलो धर. ११० मैल म्हणजे ताशी १७७ किलोमीटर. तिथून ५० मैलांवर यायचं तर साधारण सव्वा मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. एवढ्या ऊर्जेत चार लिटर पाणी माठातून काढून थेट उकळीला येईल, आणि हे सगळं होतं तीनेक सेकंदांत. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो कारण ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. पुढची एक डिस्क सात किलोची धरली आणि बिडाची विशिष्ट उष्णता घेऊन आकडा मांडला, तर एकेका ब्रेकिंगला डिस्कचं तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी चढतं. मग थोडं उतरतं, तोवर पुढचं वळण आलेलं असतं. तीन-चार लॅपमध्ये पाचशेच्या घरात जायला वेळ लागत नाही. आणि वेगाचा वर्ग होतो हे विसरू नकोस. ११० ऐवजी १३० मैलांनी येणाऱ्या गाडीत ऊर्जा चाळीस टक्के जास्त असते, म्हणून टर्बो लावलेल्या गाडीवाल्याचा सल्ला साध्या गाडीवाल्याने जसाच्या तसा घेऊ नये, आणि उलटही.

आपल्याकडच्या लोकांना हे खरं तर नवीन नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना कोणी गाडी टॉप गिअरमध्ये ठेवून नुसता ब्रेकवर पाय देऊन उतरला की खाली पोचेपर्यंत तो जळका वास येतोच, आणि एखादा जुना ड्रायव्हर म्हणतो गाडी बाजूला घ्या, जरा थंड होऊ द्या. तोच प्रकार इथे, फक्त इथे इंजिन ब्रेकिंगवर भागत नाही.

ब्रेक जातात म्हणजे नक्की काय जातं, ते दोन प्रकारचं असतं आणि ते पायाला वेगवेगळं कळतं. पहिल्यात पेडल दगडासारखं घट्ट असतं, तू जीव खाऊन दाबतोयस, आणि गाडी काही थांबायचं नाव घेत नाही. हा पॅडचा फेड. पॅडमधलं मटेरियल त्याच्या कुवतीबाहेर तापलं, घर्षण पडलं, कधी त्यातला रेझिन जळून गॅस होतो आणि पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो. दुसऱ्यात पेडल मऊ पडतं, दर वळणाला थोडं आणखी खाली जातं आणि मग एकदा पार फ्लोअरला टेकतं. हे फ्लुइड उकळल्याचं लक्षण. द्रव दाबला जात नाही पण वाफेचा बुडबुडा दाबला जातो, तुझ्या पायाची सगळी ताकद बुडबुडे दाबण्यात जाते. पहिल्यात निदान थोडं तरी काही थांबतं, दुसऱ्यात काहीच नाही, म्हणून माझ्या यादीत फ्लुइड कायम वर. पेडल खाली गेलंच तर पटापट दोन-तीनदा पंप करायचं, थोडा दाब परत येतो, आणि वळायचा हट्ट न करता सरळ रनऑफला, म्हणजे ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत, जायचं. मातीत गाडी मळते, धुता येते.

फ्लुइडचं गणित असं की डॉट ४ ह्या ब्रेक फ्लुइडच्या दर्जाच्या नियमानुसार कोरड्या म्हणजे नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा, आणि ओल्याचा १५५. ओला म्हणजे त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेलं. हे फ्लुइड हवेतली ओल खेचून घेतं, रबरी होजमधून (नळ्यांमधून), टाकीच्या झाकणातून, हळूहळू. म्हणजे दोन-तीन वर्षं कोणी हात न लावलेली गाडी घेऊन तू ट्रॅकवर गेलास तर तुझ्या कॅलिपरमध्ये २३० चं नाही, १५५ च्या दिशेने घसरत चाललेलं काहीतरी आहे. कोकणात, मुंबईत, जिथे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, तिथे तर विचारूच नकोस, ट्रॅकवर जायचं नसलं तरी दर दोन वर्षांनी बदलून घे, कारण सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल सगळे विचारतात, ब्रेक फ्लुइड कोणी विचारत नाही.

ट्रॅकसाठी मी मोटूल आरबीएफ ६०० वापरतो, त्याचा कोरडा आकडा ३१२ अंश. अर्ध्या लिटरची बाटली येते, पूर्ण गाडीला दोन बाटल्या पुरतात. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ म्हणून एक आहे, ते ओलं झालं तरी २७० च्या आसपास टिकतं म्हणून लोक त्याच्यावर जीव टाकतात, पण किंमत काही पट. हलक्या गाडीला दर दोन-तीन ट्रॅक डेला ६०० ब्लीड करणं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून नवं भरणं, मला जास्त पटतं. जुन्या लोकांना एटीई कंपनीचा निळा फ्लुइड आठवत असेल, एकदा निळा एकदा सोनेरी असा आलटून पालटून भरला की नळीतून रंग बदललेला दिसायचा आणि जुनं सगळं निघालं हे डोळ्यांनी कळायचं. अमेरिकेच्या नियमात ह्या फ्लुइडचा रंग बिनरंगी ते सोनेरी ह्याच्या मध्येच हवा, त्यामुळे तो निळा इथून गेला. इतकी साधी सोयीची गोष्ट, चांगली चाललेली, नियमाने मारली, असो. आणि हो, दुकानात डॉट ५ लिहिलेलं दिसलं आणि वाटलं की ४ पेक्षा ५ मोठा म्हणजे भारी, तर ते उचलू नकोस. ५ सिलिकॉनचं असतं, तुझ्या गाडीत आधी जे आहे त्याच्यात ते मिसळत नाही. ५.१ वेगळं, ते चालतं. हे नंबर ज्याने ठरवले त्याला एकदा भेटायचंय.

ब्लीड करायला दोन माणसं लागतात, घरी दुसरं माणूस म्हणजे बायको. ती गाडीत, मी चाकापाशी जमिनीवर, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, "दाब." "दाबलंय." "धरून ठेव." "धरलंय रे, किती वेळ?" "सोड." "आधी तू ते बंद केलंस का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे बरं का, निप्पल (कॅलिपरवरचा फ्लुइड सोडायचा स्क्रू) बंद करायच्या आधी पेडल सोडलं की हवा आत ओढली जाते, आणि हे तिला आता माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. जुनी गाडी असेल तर पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेव म्हणजे ते पार तळाला जाणार नाही. एरवी मास्टर सिलिंडरचा (पेडलमागच्या ब्रेकच्या पंपाचा) तो तळाचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे साचलेल्या घाणीवर सील घासलं की ते फाटू शकतं. रंगावर फ्लुइड सांडलं तर लगेच पाणी ओत, पुसत बसू नकोस, ते रंग खातं.

नुसतं फ्लुइड बदललं की पुढचा कमजोर दुवा पॅड. फॅक्टरीचे पॅड शांत असावेत, धूळ कमी करावी, थंडीत सकाळी पहिल्याच सिग्नलला पकडावेत म्हणून बनवलेले असतात, आणि ते काम ते चोख करतात. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. ट्रॅकचे पॅड नेमके उलटे. थंड असताना निवांत, तापले की जागे होतात. कार्बोटेकचे एक्सपी १०, हॉकचे डीटीसी ६० ही ह्या गाडीवर लोक सर्रास वापरतात ती नावं, आणि मधला रस्ता हवा असेल, म्हणजे चालवत जायचं, ट्रॅकवर फिरायचं आणि चालवत परत यायचं, तर फेरोडोचे डीएस २५००. पहिले दोन-चार ट्रॅक डे असतील तर मी मधलाच रस्ता सांगेन. नवखा माणूस इतक्या जोरात ब्रेक मारतच नाही की त्याला पूर्ण रेस पॅड लागावेत, आणि न तापलेला रेस पॅड हा चांगल्या रोड पॅडपेक्षा वाईटच.

शिवाय रेस पॅडचा आवाज. इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये हळू गाडी आत घेताना जो चित्कार निघतो त्याने कोथिंबिरीच्या जुड्या निवडणाऱ्या काकू काचेतून बाहेर बघतात. आणि धूळ. ती लोखंडाची असते, गरम गरम रिमवर जाऊन बसते, मग पाऊस नाहीतर पाणी लागलं की नारिंगी ठिपके, आणि ते खरवडल्याशिवाय जात नाहीत. म्हणून ट्रॅकहून आलो की त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी पॅड बदलायचे. बीआरझेडला हे सोपं आहे, पुढे कॅलिपरचा खालचा चौदाचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो आणि पॅड हातात येतात, दोन्ही बाजू मिळून चहा गार व्हायच्या आत.

कॅलिफोर्नियात ह्यात आणखी एक भानगड आहे. पॅडमध्ये पूर्वी तांबं भरपूर असायचं, उष्णता वाहून न्यायला उत्तम. पण ती धूळ पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत जाते आणि माशांना मारते, म्हणून २०१० साली राज्याने कायदा केला. २०२१ पासून पाच टक्क्यांच्या खाली आणि २०२५ पासून अर्धा टक्का. त्यामुळे जुन्या लोकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी नावाजलेला एखादा रोड पॅड आणि आज त्याच नावाच्या खोक्यातला पॅड हे एकच मटेरियल असेल असं धरून चालू नकोस.

नवीन पॅड बसवले की ते बेड करावे लागतात, आणि इथे लोक घाई करतात. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर एकसारखा बसला पाहिजे, खरी पकड त्या थराची. रिकाम्या रस्त्यावर साठ मैलांवरून दहा मैलांपर्यंत जोरात पण एबीएस न लागेल असं ब्रेक करायचं, लगेच परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, आणि ह्या सगळ्यात गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळपास न वापरता फिरवायची. थांबवायची नाही ते एवढ्यासाठी की तापलेला पॅड एका जागी डिस्कला चिकटला तर तिथे जाड ठसा उमटतो, आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागतं. ह्या थरथरीला लोक डिस्क वाकडी झाली म्हणतात आणि नवीन घेतात, पण बऱ्याचदा डिस्क सरळच असते, ठसे पडलेले असतात, परत नीट बेड केलं की थरथर जाते. एका कंपनीच्या पॅडवर तापलेली डिस्क दुसऱ्या जातीच्या पॅडला लगेच मानवत नाही हे पण त्यातूनच येतं. शक्यतो रस्त्याचे आणि ट्रॅकचे पॅड एकाच घरचे घ्यावेत.

मागचे पॅड विसरू नकोस. पुढे जबरदस्त पॅड आणि मागे फॅक्टरीचे असं ठेवलं की ब्रेकिंगचा तोल पुढे सरकतो, पुढचे टायर आधी संपतात आणि मागचे ब्रेक नुसते फिरायला आल्यासारखे. शिवाय व्हीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालू ठेवून चालवलंस तर ती सिस्टीम वळणात स्वतःच्या मनाने एकेका चाकाचा ब्रेक दाबत असते, तुला पत्ता पण लागत नाही, आणि दिवसाच्या शेवटी मागचे पॅड अपेक्षेपेक्षा जास्त झिजलेले सापडतात. ह्याचा अर्थ नवख्याने ती बंद करावी असा नाही. पॅड स्वस्त आहेत, गाडी नाही.

स्टेनलेस स्टीलच्या वेणीच्या होज लोक हमखास टाकतात. पेडल थोडं घट्ट लागतं, रबर जुनं झालं असेल तर जास्त फरक जाणवतो. टाक, हरकत नाही, पण त्याने ब्रेक जायचे थांबत नाहीत.

डिस्क साधी घे. भोकं पाडलेली दिसायला छान, पण प्रत्येक भोकाच्या कडेला ताण साठतो आणि तापून-थंड होऊन तिथून चिरा सुरू होतात. ती भोकं आली त्या काळातल्या पॅडमधून गॅस खूप सुटायचा म्हणून, आताच्या पॅडला त्याची तेवढी गरज नाही, आणि भोकांत गेलेलं लोखंड म्हणजे उष्णता साठवायचं वजन कमी झालं. चरे पाडलेली डिस्क चालते, पॅडचा वरचा जळका थर खरवडून काढते, बदल्यात पॅड थोडा लवकर संपतो. साधी डिस्क ट्रॅकवर वापरायची वस्तू आहे, टायरसारखी, संपली की बदलायची. केसासारख्या बारीक रेघा पृष्ठभागावर दिसल्या तर चालतं, नख अडकलं किंवा रेघ कडेपर्यंत पोचली तर त्या दिवशी परत ट्रॅकवर जायचं नाही. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर कॅलिपरने मोजून बघ.

फ्लुइड आणि पॅड करूनही पेडल लांब होत, म्हणजे खोल जात असेल, तर किटच्या आधी डिस्कला हवा दे. पुढच्या बंपरमधून, फॉग लाइटच्या जागेतून, तीन इंची पाइप काढून डिस्कच्या मध्यभागी हवा सोडायची. मध्यभागी, कडेवर नाही, कारण व्हेंटेड डिस्क (आत हवेच्या फटी असलेली) स्वतः पंखा असते, आतून हवा ओढून बाहेर फेकते, तिला तोंडापाशी गार हवा दिली की बाकी ती करते. कामाला एक दिवस जातो, पाइप चाकाला घासणार नाही असा बांधायला डोकं लागतं, पण पैसे फार नाहीत. आणि अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजावं. तापमान दाखवणारे रंग मिळतात, डिस्कच्या कडेला तीन ठिपके द्यायचे, हिरवा ४३० अंशांना रंग सोडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. दिवस संपल्यावर कुठल्या ठिपक्याने रंग बदलला ते बघितलं की कळतं तुझी डिस्क कुठपर्यंत गेली होती. नुसता हिरवा गेला असेल आणि तू किट घ्यायचं म्हणत असशील तर तुला ब्रेक नकोयत, फोटो हवेत. फोटोसाठी घे की मग, गाडी तुझी आहे, फक्त तसं म्हण.

आता किटला शिव्याच घालतोय असं नाही. जेव्हा तिन्ही ठिपके रंग बदलायला लागतात, टायर चिकट आलेत, सुपरचार्जर बसलाय, पॅड दोन दिवसांत संपतायत आणि तेही एका बाजूने तिरके झिजतायत, कारण स्लायडिंग कॅलिपर तापला की थोडा उघडतो, तेव्हा किट घ्यायचं. ह्या गाडीसाठी एपी रेसिंगच्या चार पिस्टन कॅलिपरचं एक किट येतं, त्याची डिस्क २९९ मिलिमीटरची आहे. फॅक्टरीची २९४. पाच मिलिमीटरसाठी एवढे पैसे? असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. पण ती डिस्क जाड आहे, आत हवा जायच्या वाटा जास्त चांगल्या आहेत, मधली टोपी ॲल्युमिनियमची आहे, आणि सगळं सतरा इंची चाकात बसतं म्हणजे टायर स्वस्तातले घेता येतात. ज्याने डिझाइन केलं त्याने उष्णतेचा विचार केला, व्यास मिरवायचा केला नाही. ह्याउलट नुसती मोठी डिस्क आणि मोठे पिस्टन पुढे लावून, मास्टर सिलिंडर आणि मागचे ब्रेक तेच ठेवून, तोल इतका पुढे नेता येतो की गाडी आधीपेक्षा लांब जाऊन थांबेल. किट घेताना कॅलिपरच्या रंगाआधी पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ फॅक्टरीच्या जवळपास आहे का ते विचार. विकणाऱ्याला उत्तर येत नसेल तर दुसरा विकणारा बघ.

२०१७ पासून सुबारूनेच परफॉर्मन्स पॅकेजमध्ये ब्रेम्बो दिले, पुढे ३२६ आणि मागे ३१६ मिलिमीटर, चारही चाकांचा तोल कंपनीने जुळवलेला. जुन्या बीआरझेडवर ते बसवणारे बरेच आहेत आणि अपघातात गेलेल्या गाड्यांचे सेट मिळाले तर सौदा वाईट नाही. ब्रेम्बो म्हटलं की आपल्याला इटली आठवते, पण त्यांचा कारखाना आपल्या चाकणला पण आहे, केटीएमवर आणि काही पल्सरवर जे बायब्रे लिहिलेलं असतं ते बाय ब्रेम्बोचंच आखूड रूप. पुण्यातली अर्धी कॉलेजची पोरं ब्रेम्बोच्या घरच्या ब्रेकवर फिरतायत.

देशातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा मागचा स्ट्रेट एक किलोमीटरच्या वर आहे, तिथे गाडी वेग फार घेते आणि शेवटी एकदम मोठं ब्रेकिंग. आपल्याकडे तिथे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या माझ्यापेक्षा दोनशे-तीनशे किलोंनी जड आणि टर्बोवाल्या, म्हणजे त्यांना पॅड आणि फ्लुइड माझ्यापेक्षा आधी लागणार. कोइंबतूरचा करी लहान, जेमतेम दोन किलोमीटरचा, वेग कमी, पण डिस्कला श्वास घ्यायला लांब सरळ पट्टा पण कमी. दोन्हीकडे सुरुवात तीच, ताजं फ्लुइड.

चालवण्याबद्दल एकच बोलतो कारण तो वेगळा विषय आहे. नवीन माणूस भीतीने फार आधीपासून हळूहळू ब्रेक धरतो. वेग तेवढाच कमी करायचा आहे तर उष्णता जवळपास तेवढीच निघणार, पण पॅड डिस्कला जास्त वेळ चिकटून राहतो आणि थंड व्हायचा वेळ कमी मिळतो. सरळ पट्ट्यात ठामपणे दाबायचं आणि सोडून मोकळं व्हायचं. ठामपणे म्हणजे लाथ मारायची नाही. ह्या गाडीत पेडलवर एकदम आदळलं की कधीकधी एबीएसला वाटतं आपण बर्फावर आहोत, तो ब्रेकचा दाब काढून घेतो, पेडल लाकडासारखं होतं आणि गाडी पुढे जात राहते. असं झालं तर पाय क्षणभर उचलून परत दाबायचं, त्या क्षणी हे अजिबात सुचत नाही हे मला मान्य आहे, म्हणून पेडल न आदळता दाब वाढवत नेण्याची सवय आधीच लावलेली बरी.

सेशन संपताना शेवटचा लॅप ब्रेक न वापरता फिर. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) आल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली ठोकळा लाव. बीआरझेडचा हँडब्रेक डिस्कच्या टोपीतल्या छोट्या ड्रमवर चालतो, त्यामुळे डिस्कवर ठसा पडायची भीती नाही हे खरं, पण ती टोपी पण तापलेलीच असते. बॉनेट उघडून फ्लुइडची पातळी बघ, चाकांचे नट १२० न्यूटन-मीटरला परत टॉर्क कर, आणि जेवणाच्या सुट्टीत रिमच्या फटीतून टॉर्च मारून पॅड बघ. पॅड हा पिस्टन आणि तापलेल्या डिस्कच्या मधला एकमेव पडदा आहे, तो जितका पातळ तितकी उष्णता लवकर पिस्टनमधून फ्लुइडपर्यंत पोचते, म्हणजे सकाळी ज्या फ्लुइडने त्रास दिला नाही तेच दुपारी अर्ध्या पॅडवर उकळू शकतं. मी चार-पाच मिलिमीटर उरले की ट्रॅकचे पॅड काढून टाकतो, रस्त्यावर ते अजून वर्षभर आरामात चालले असते तरी.